उपसा आणि झरा

ज्या दिवशी कादंबरीचे २,००० शब्द सलग लिहून होतात, त्या दिवसाची थोडी धास्ती बाळगावी. त्या रात्री झोप लागत नाही, पात्रं डोक्यात बोलत राहतात, आणि या वेगाने महिन्याभरात खर्डा हातावेगळा होईल असं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी जेमतेम १०० शब्द होतात. तिसऱ्या दिवशी टेबलाकडे वळायचाच कंटाळा येतो. चौथ्या दिवशी पाहुणे येतात आणि चक्क बरं वाटतं. पुढच्या पंधरवड्याला मग ‘सध्या काही सुचत नाहीये’ असं नाव मिळतं. सुचण्याचा त्यात फारसा संबंध नसतो. चार दिवसांचं लिखाण एका दिवसात उपसून झालेलं असतं, आणि झरे अजून पाझरायचे असतात.

विहिरीची ही उपमा अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेची. तळाशी पाणी असतानाच थांबावं, रात्रीतून ती पुन्हा भरते, असं तो सांगायचा. उन्हाळ्यात मोटार लावून विहीर उपसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पिकाला पाणी कितीही लागत असो, पंप किती वेळ चालवायचा ते झरा ठरवतो.

कादंबरी लिहिणाऱ्यांना मिळणारे सल्ले बहुतेक ‘रोज किमान इतकं लिहा’ या धर्तीचे असतात. किमान मर्यादा हवीच. पण लिहिणारा मोडतो तो कमाल मर्यादा नसल्यामुळे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी आकडे मांडू. डेमी आकाराच्या छापील पानावर मराठीत साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. म्हणजे सव्वादोनशे पानांची मध्यम कादंबरी ६०,००० शब्दांच्या आसपास जाते. आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला ५०० शब्द धरले तर आठवड्याचे २,५०० होतात, आणि २४ आठवड्यांत ६०,००० भरतात. कागदावर हे साडेपाच महिन्यांचं काम. त्यात आजारपण, लग्नकार्य, चुकलेली प्रकरणं यांसाठी आणखी सहा आठवडे धरायचे आणि मुदत ३० आठवड्यांची ठरवायची. हे सहा आठवडे ‘लागले तर घेऊ’ असे ठेवू नयेत. ते लागतातच. सुरुवातीलाच मोजून ठेवले तर पाचव्या महिन्यात आपण मागे पडलोय ही टोचणी तरी लागत नाही.

आता रोजच्या दोन रेषा. खालची २००, वरची ७००. दोनशेच्या खाली शक्यतो जायचं नाही, आणि सातशे झाले की वाक्य रंगात आलेलं असलं तरी उठायचं. खालच्या रेषेचं काम एवढंच, की ताप असेल किंवा ऑफिसात दिवस वाईट गेला असेल तरी कथेशी धागा तुटू नये. २०० शब्द म्हणजे एखादा छोटा संवाद, अर्ध्या तासात होतो. वरची रेषा पाळणं त्याहून कितीतरी अवघड, कारण ती आनंदाच्या भरात पाळायची असते. रंगात आलेला प्रसंग सोडून उठताना जीवावर येतं. तरी उठावं. पुढची तीन-चार वाक्यं डोक्यात तयार असतील तर ती पूर्ण न लिहिता तुटक शब्दांत टिपून ठेवावीत: ‘आक्का दार उघडत नाही. शेजारीण सांगते, पैसे कालच नेले.’ दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसण्याऐवजी या टिपणासमोर बसायचं. पहिली दहा मिनिटं अशी सुटली की बाकीचा तास आपसूक सुटतो.

इथे इंग्रजी लेखकांचे आकडे जसेच्या तसे उचलण्यात एक धोका आहे. एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम अमेरिकेत १९९९ साली सुरू झाला, जगभर पसरला, आणि ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली. त्याचा रोजचा १,६६७ शब्दांचा आकडा मात्र अजून लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बसलेला आहे. मराठीत विभक्तीचे आणि शब्दयोगी अव्ययांचे तुकडे शब्दालाच चिकटतात. ‘अंगणासमोरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत तो तीन-चार होतो. तेव्हा मराठीत १,६६७ शब्द म्हणजे त्या भाषेतल्यापेक्षा बराच मोठा पल्ला. शिवाय महिनाभर धावण्याची ती स्पर्धा होती, आणि स्पर्धा संपल्यावर विश्रांती गृहीत होती. तो वेग सहा महिने धरायचा नसतो.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याचं उदाहरण तर हमखास चुकीच्या बाजूने दिलं जातं. तो टपाल खात्यात नोकरी करत होता, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा, आणि असं करत त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. ही दिनचर्या त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवलीय. ते आत्मचरित्र १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. लोक ते वाचतात आणि पाव तासाला अडीचशेचा ध्यास घेतात. त्याच पुस्तकातल्या बाकीच्या गोष्टी निसटतात. तीन तासांपैकी पहिला अर्धा तास तो आदल्या दिवसाचं वाचण्यात घालवायचा. प्रत्येक कादंबरीसाठी आठवड्याची पानं आधी ठरवायचा. सरासरी ४०, पण कधी २०, कधी ११२. म्हणजे ज्याच्या शिस्तीचा इतका बोलबाला, त्याचा आकडा कामागणिक पाचपटीने वरखाली होत होता. आणि तीन तास झाले की तो लिहिणं थांबवायचा. पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला वर्षाला पाच पौंड जादा देऊन ठेवलेला एक म्हातारा मोतद्दार (घोडे सांभाळणारा नोकर) होता, हेही त्यानेच प्रामाणिकपणे लिहिलंय. आपल्याकडे पहाटेचा चहा ज्यांना स्वतःच करायचा असतो, आणि त्यानंतर इतरांचे डबेही भरायचे असतात, त्यांनी ट्रॉलपशी बरोबरी करू नये.

हेमिंग्वेची नोंदवही मला जास्त शहाणपणाची वाटते. भिंतीला टेकवलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तो रोजचे शब्द मांडायचा: ४५०, ५७५, ४६२, १,२५०, पुन्हा ५१२. मधला तो १,२५० मुद्दाम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी मासेमारीला जायचं असलं की आदल्या दिवशी तो जास्त लिहायचा, म्हणजे मग सुट्टीची बोच राहायची नाही. भरतीच्या दिवसाला सुट्टी जोडलेली होती. आपल्या वहीतही हा नियम करता येतो: ७०० ओलांडून १,००० च्या पुढे गेलात तर दुसऱ्या दिवशी लिहायचं नाही. पुढचं सुचत असलं तरी नाही.

वही कशी असावी? स्तंभ पाचच. तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, शब्द, आणि उठताना अंगात किती उरलंय त्याचा एक आकडा: ० म्हणजे पिळून निघालो, १ म्हणजे बरं, २ म्हणजे अजून लिहू शकलो असतो. रविवारी फक्त शेवटचा स्तंभ पाहायचा. आठवड्यात दोन शून्यं आली तर पुढच्या आठवड्यात वरची रेषा ५०० वर आणायची. शब्द चांगले झाले असले तरीही. शब्दांचा स्तंभ खोटं बोलतो, कारण शीण त्यात आठ-दहा दिवस उशिरा दिसतो.

हा शीण नेमका कशाचा असतो? टाइप करण्याचा तो नसतो. पहिल्या खर्ड्यात दर वाक्याला निर्णय घ्यावा लागतो. हा माणूस आता काय म्हणेल, खोलीत कोण आहे, दुपार आहे की संध्याकाळ, हे कुणाच्या नजरेतून दिसतंय, थोरल्या भावाला तो अहो-जाहो करतो की अरे-तुरे. पुढच्या खर्ड्यांत यातले बहुतेक प्रश्न मिटलेले असतात, म्हणून पुनर्लेखन दिवसाला चार तासही झेपतं. नवं रचण्याचं काम मात्र बहुतेकांना दोन तासांच्या पुढे झेपत नाही. तिसऱ्या तासाला शब्द येतात, पण निर्णय सोपे घेतले जातात: पात्रं पहिल्यांदा सुचलेलं बोलतात, प्रसंग आधी वाचलेल्या प्रसंगांसारखे होतात. ते सगळं पुढे काढून टाकावं लागतं. म्हणजे तो तास फुकट गेला असं नव्हे, तो उलट्या खात्यात गेला.

पहिले दहा-पंधरा हजार शब्द भरभर होतात, कारण ते वर्षानुवर्षं मनात साठलेले असतात. साठा संपतो १५,००० ते २०,००० च्या दरम्यान. तिथून ४०,००० पर्यंतचा पट्टा सगळ्यात कोरडा. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला, शेवट अजून दिसत नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्याच एखाद्या कादंबरीची भन्नाट कल्पना सुचते. ती नेमकी याच टप्प्यावर सुचते, हा योगायोग नाही. तिला वेगळ्या वहीत एक पान द्यावं आणि वही मिटावी.

या मधल्या पट्ट्यात शब्दांचं माप सोडून प्रसंगांचं माप धरलेलं बरं. उरलेल्या कादंबरीतले प्रसंग एकेका ओळीत, पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचे. साधारण २५ ते ३० चिठ्ठ्या होतात. प्रत्येकीवर तीनच गोष्टी: कोण, कुठे, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असेल. तिसरी जागा कोरी राहत असेल तर तो प्रसंग लिहायला बसू नये. जिथे काही बदलत नाही असे प्रसंग लिहिण्यात जीव सगळ्यात जास्त जातो, आणि शेवटी ते कापले जातात. रोज एक चिठ्ठी, ती ३०० शब्दांची झाली काय नि ६०० ची झाली काय. क्रमाने लिहायचा हट्टही इथे सोडावा. मधलं प्रकरण अडलं असेल तर पुढचा भांडणाचा प्रसंग आधी लिहून घ्यावा. भांडणं लवकर लिहून होतात.

एक सवय माणसाला हमखास थकवते, आणि ती कामसूपणाच्या वेषात येते: रोज बसल्यावर पहिल्या पानापासून वाचत येणं. खर्डा ३०,००० शब्दांवर आला की मिनिटाला २०० शब्दांच्या वेगानेही हे वाचन अडीच तासांचं होतं. वाचता वाचता हात दुरुस्तीकडे जातो, पहिलं प्रकरण आठव्यांदा घासलं जातं, आणि नवं लिहायची वेळ येते तेव्हा डोकं संपलेलं असतं. शेवटचे ३०० शब्द वाचावेत, फार तर शेवटचा प्रसंग. मागचं बदलायचं सुचलं तर त्याची नोंद करावी आणि बदल झालाच आहे असं धरून पुढे लिहावं. नायिकेची धाकटी बहीण नको असं २५,००० व्या शब्दाला ठरलं, तर २५,००१ व्या शब्दापासून ती नाही. मागे जाऊन तिला पुसायचं काम दुसऱ्या खर्ड्याचं.

माहिती अडली तरी तेच. सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हायला किती दिवस लागतात, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर मजुरी कशी मिळायची, हे शोधायला इंटरनेटवर गेलेला माणूस दीड तासाने परत येतो, तोवर प्रसंग विझलेला असतो. अशा जागी ‘ठठठ’ टाइप करून पुढे जावं: ‘तलाठ्याने ठठठ दिवस लावले.’ मराठी मजकुरात ही अक्षरं अशी एकापुढे एक कुठेच येत नाहीत, त्यामुळे नंतर शोधून एका बैठकीत सगळ्या जागा भरता येतात. हाताने लिहिणाऱ्यांनी समासात लाल खूण करावी.

शरीराचं थोडक्यात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावं, हा डोळ्यांसाठीचा नेहमीचा नियम इथेही लागू. मोबाइलवर कादंबरी लिहिणारे आता बरेच आहेत. अंगठ्याने ५०० शब्द टाइप करणं हे कीबोर्डवरच्या ५०० पेक्षा मनगटाला जड जातं, म्हणून वरची रेषा तिथे ४०० धरावी. बोलून टाइप करायची सोय निवेदनाला चालते. संवादात घोटाळा होतो, कारण बोलीतले शब्द ती अनेकदा प्रमाण रूपात ओढते, आणि दुरुस्तीत वाचलेला वेळ निघून जातो.

वेळापत्रक करताना इंग्रजी कॅलेंडरइतकंच पंचांगही समोर ठेवावं. मराठी लिहिणाऱ्यांच्या वर्षाला १९०९ पासून, का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून, एक वेगळाच आकार आला आहे. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यात मागवलं जातं. जून ते ऑगस्टमध्ये दोन कथा, एक लेख, वर कुणाचा तरी आग्रह, आणि त्यातच कादंबरीही पुढे न्यायची, या ओढाताणीत कादंबरीचाच बळी जातो, कारण तिची मुदत कुणी विचारत नसतं. तुळशीचं लग्न झालं की खर्डा सुरू केला तर ३० आठवड्यांनी, मृगाच्या सुमारास, तो पूर्ण होऊ शकतो, आणि पावसाळा अंकांना मोकळा राहतो. बँकेत असाल तर मार्चअखेरचे दोन आठवडे, शिक्षक असाल तर पेपर तपासणीचे दिवस, आधीच कोरे सोडावेत. त्या आठवड्यांत किमान २०० चीही सक्ती नको, फक्त चिठ्ठ्या वाचाव्यात. ज्या बाईच्या घरी गौरी-गणपती असतात तिला त्या दहा दिवसांत ‘थोडं थोडं लिही’ असं सुचवणाऱ्याने आधी मोदक वळून पाहावेत.

क्रमशः लिहिणाऱ्यांचं गणित निराळं. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून भागाभागाने छापल्या; आज तेच ‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन ठिकाणी होतं, फक्त पुढचा भाग कुठे आहे हे विचारणारा वाचक आता रात्री अकरालाही विचारतो. या दबावात काहींचं लिखाण खुलतं, हे खरं. पण हातात किमान सहा भाग तयार असल्याशिवाय पहिला भाग टाकू नये, आणि शिल्लक तीनवर आली की आठवड्याला दोनऐवजी एक भाग जाहीर करावा. एक भाग शिल्लक असताना वेग कमी करायला गेलात तर तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आणि थकबाकी. हा सगळ्यात घातक हिशेब. चार दिवस चुकले, म्हणून २,००० शब्द बाकी, म्हणून आज २,५०० लिहायचे. ते होत नाहीत. मग उद्या ३,००० ची उधारी. आठवड्याभरात कादंबरी ही सावकारासारखी दारात उभी राहते. चुकलेले दिवस माफ करून टाकावेत. त्यासाठीच तर ते सहा आठवडे बाजूला काढले होते.

खचणं सुरू झालंय हे लिहिणाऱ्याच्या आधी बहुतेकदा मजकुरात दिसतं. पात्रं वारंवार चहा घ्यायला लागतात. प्रकरणं कुणीतरी झोपी गेल्यावर संपतात. संवादात ‘हो?’ ‘हो.’ ‘मग?’ ‘काही नाही.’ असं चालू होतं. घडताना दाखवायचे प्रसंग ‘त्यानंतर तीन वर्षं गेली’ या वाक्यात उरकले जातात. आणि एखादं चांगलं वाढलेलं पात्र अचानक अपघातात मरतं, कारण लेखकाला त्याचा वैताग आलेला असतो. यातल्या दोन-तीन खुणा एका आठवड्यात दिसल्या तर प्लॉटमध्ये दोष शोधण्याआधी वहीतला शेवटचा स्तंभ पाहावा.

अडणं, दमणं आणि खचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. अडलेला माणूस दुसरा प्रसंग आनंदाने लिहितो. त्याला प्रश्न त्या एका जागेचा असतो, त्याने टेबलाशीच राहावं. दमलेला माणूस चार दिवस नीट झोपला की परत येतो. खचलेल्याला झोपून बरं वाटतं, पण फाइल उघडली की पुन्हा मळमळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या खचण्याचं, म्हणजे ‘बर्नआउट’चं, वर्णन केलं ते नोकरी-व्यवसायातल्या ताणासंदर्भात, आजार म्हणून नव्हे. तिच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्याच्याने हे होत नाही असं वाटणं. दिवसा नोकरी आणि रात्री कादंबरी करणाऱ्याला या तिन्ही ओळखीच्या वाटतील. दुसरी खूण नीट तपासावी. स्वतःच्या पात्रांचा तिटकारा येऊ लागला, आणि तो १५ दिवसांच्या सुट्टीनंतरही गेला नाही, तर मामला दमण्याच्या पलीकडचा. झोप, भूक आणि बाकीच्या आयुष्यातला रसही जात असेल तर लिखाणाचे सल्ले बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

परत येताना सुट्टीला शेवटची तारीख असावी, नाहीतर सुट्टी संपत नाही. तीन आठवडे पूर्ण बंद. या काळात दुसऱ्याच्या हस्तलिखितावर अभिप्राय देणं, मुद्रितं तपासणं, आपल्याच विषयावरच्या कादंबऱ्या वाचणं याला विश्रांती म्हणत नाहीत. त्यानंतर पहिले तीन दिवस फाइल न उघडता हाताने फक्त टिपणं: कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय. मग आठवडाभर वरची रेषा १५०. हो, १५०, आणि त्यावर एक शब्द नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी १५० वर थांबताना चिडचिड झाली तर झरा परत आलाय असं समजून रेषा हळूहळू वाढवावी: ३००, मग ५००. चिडचिड झालीच नाही, तर कादंबरीत तुम्हाला आता खरंच रस आहे का हा प्रश्न विचारायला हरकत नाही. सगळ्या कादंबऱ्या पूर्ण करायलाच हव्यात असं नाही.

शेवटचे ८,००० ते १०,००० शब्द आपोआप वेग घेतात. तिथे वरची रेषा १,२०० पर्यंत सैल करावी, रजा असेल तर ती इथे टाकावी. खर्डा संपला की त्याच दिवशी फाइलच्या दोन प्रती करून एक पेन ड्राइव्हवर आणि एक स्वतःलाच ई-मेलने पाठवावी, आणि सहा आठवडे तिच्याकडे फिरकू नये. पहिला आठवडा हलकं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना विचित्र उदास वाटतं आणि ते पहिलं प्रकरण ‘नुसतं चाळायला’ उघडतात. तो आठवडा आधीच कशाने तरी भरून ठेवावा: दाराचा रंग, राहिलेली गावची फेरी, अंकासाठी कबूल केलेला लेख.